८२ हजार लोकांपुढे खेळायचं आणि सोमवारी कामावर हजर: आयर्लंडचे बिनपगारी खेळाडू

शॅननकाठचा:

लिमरिकला येऊन सहा वर्षं झाली. पहिले काही महिने मला कोडं पडलं होतं की इथली पोरं हातात हॉकी स्टिक घेऊन बसमध्ये, दुकानात, सगळीकडे का हिंडतात. शेजारच्या आजोबांना तसं विचारलं, तर पुरणपोळीला पराठा म्हटल्यावर आपली आजी बघेल तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. हॉकी नव्हे, हर्लिंग. काठी अ‍ॅश नावाच्या झाडाच्या लाकडाची, चेंडू स्लिदर. चेंडू हवेत, काठी हवेत, आणि २०१० पर्यंत मोठ्यांच्या सामन्यात हेल्मेटचीही सक्ती नव्हती.

आता मुलगा गावच्या क्लबात जातो. शनिवारी सकाळी शिकवायला येणाऱ्यांत एक पंचविशीतला पोरगा आहे. शांत, मुलांच्या बुटाच्या नाड्या बांधून देणारा. दोन महिन्यांनी कळलं की हा काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, तीसेक जणांच्या चमूत आहे. मी आपला भारतीय प्रश्न विचारला: पगार किती मिळतो? तो हसला. प्रवासाचे मैलाप्रमाणे पैसे, बूट आणि सरावानंतर जेवण, म्हणाला. सोमवारी साडेआठला एका गोदामात कामावर हजर.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही, म्हणून धागा.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी: गेलिक फुटबॉल (पुढे नुसतं फुटबॉल म्हटलं की हाच) आणि हर्लिंग हे इथले देशी खेळ. दोन्हींची संस्था जीएए, म्हणजे गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन. १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरीतल्या थर्ल्स गावच्या हेझ हॉटेलात मायकल क्युसॅक, मॉरिस डेव्हिन आणि आणखी काही मंडळींनी ती स्थापन केली. बेटावरच्या ३२ काउंट्या तिच्यात येतात, म्हणजे उत्तरेकडच्या, ब्रिटनच्या ताब्यातल्या सहासुद्धा. गावोगाव मिळून दोन हजारांवर क्लब. डब्लिनचं क्रोक पार्क त्यांच्या मालकीचं, ८२,३०० लोक बसतात. अंतिम सामन्याचं तिकीट मिळवायला लोक मेव्हण्याच्या साडूला फोन करतात. टीव्हीचे हक्क विकले जातात, जर्सीवर जाहिराती आहेत, संस्थेची मध्यवर्ती उलाढाल अलीकडे दहा कोटी युरोच्या पुढे गेली आहे. आणि मैदानावरच्या तीस जणांना पगार शून्य.

ही नावं बघा. केरीचा डेव्हिड क्लिफर्ड, आजचा सगळ्यांत मोठा फुटबॉलपटू, शाळेत शिक्षक आहे. आमच्या लिमरिकचा गिरॉइड हेगर्टीही शिक्षक. किल्केनीचा टीजे रीड व्यायामशाळा चालवतो. डब्लिनचा जॅक मॅककॅफ्री डॉक्टर. हा २०१५ साली देशातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला आणि २०१६ चा मोसम सोडून आफ्रिकेत गेला. करारच नाही, तर अडवणार कोण?

'हौशी' म्हटलं की आपल्याला रविवारचं गल्ली क्रिकेट आठवतं. तसं अजिबात नाही. २०१८ साली इथल्या ईएसआरआय या संशोधन संस्थेचा अहवाल आला. काउंटी पातळीचा खेळाडू खेळापायी आठवड्याला ३१ तासांपर्यंत देतो, असं त्यात आहे. म्हणजे नोकरी चाळीस तास आणि वर ही दुसरी नोकरी, बिनपगारी. आहारतज्ज्ञ काय खायचं ते सांगतो, घड्याळ किती झोपलास ते सांगतं, आणि बायकोचं काय म्हणणं आहे ते कुणी विचारत नाही.

मला खरी गंमत वाटते ती पुढे. नियमाने मॅनेजरलाही पगार नाही. पण फिजिओला आहे, आकडेवारी मांडणाऱ्याला आहे, मुख्यालयातल्या लोकांना आहे, सँडविच विकणाऱ्याला तर आहेच. आणि मॅनेजरला 'नाही' हे किती खरं, यावर इथे कुठल्याही पबमध्ये रात्र निघते. टेबलाखालून मिळतं, असं सगळेच म्हणतात. (हो, इथेही टेबलच. आपल्याला भाषांतर लागत नाही.) संस्थेचे एक माजी अध्यक्ष पीटर क्विन यांच्या नावावर एक चुटका आहे: टेबलाखालच्या पैशांचं राहू द्या, आम्हाला अजून टेबलंच सापडली नाहीत. २०१२ मध्ये महासंचालक पॉरिक डफी यांनी यावर सविस्तर टिपण काढलं. नियम पाळा, नाहीतर उघडपणे पैसे द्या, असा त्याचा रोख. ठरलं काय, तर आहे तोच नियम नीट पाळायचा. २०२४ मध्ये जार्लथ बर्न्स अध्यक्ष झाले आणि विषय पुन्हा पटलावर आला. यावरून नियम किती नीट पाळला गेला ते समजून घ्या.

मग खेळाडू बंड का करत नाहीत? मला जे कळलंय ते असं. त्यांना पैशाची भीती नाही, बदलीची आहे. इथे तुम्ही ज्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावभागात, वाढलात तिथल्या क्लबात, आणि क्लब ज्या काउंटीत त्या काउंटीतून खेळता. पगार आला की करार येणार, करार आला की खरेदी-विक्री येणार. लेट्रिम काउंटीची लोकसंख्या जेमतेम ३५ हजार, डब्लिनची साडेचौदा लाख. पगार सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी लेट्रिमचा चांगला पोरगा कुठे असेल?

तुम्हाला काय वाटतं?

---

चहाटळ:

म्हणजे रणजी खेळायची, वानखेडे भरवायचं आणि सोमवारी लोकलला लटकायचं. बरोबर समजलो ना?

---

शॅननकाठचा:

@चहाटळ, जवळपास. फक्त वानखेडेच्या अडीचपट माणसं धरा.

---

सातबारा:

लेख छान, पण गोड गोड लिहिलंय. दहा कोटी युरो येतात आणि ज्याच्या घामावर येतात त्याला बूट आणि जेवण? आमच्याकडे याला वेठ म्हणतात. 'मातीचं प्रेम', 'गावची इज्जत' हे शब्द नेहमी ज्याला पैसे द्यायचे नसतात त्याच्या तोंडी असतात. त्या पोरांनी एकदा संप केला की दोन दिवसांत तिजोरी उघडेल.

---

शॅननकाठचा:

@सातबारा, तिजोरीबद्दल आधी. पैसा कुणा मालकाच्या खिशात जात नाही, कारण मालकच नाही. मिळकतीतला बहुतांश भाग क्लब, काउंटी, मैदानं आणि मुलांच्या प्रशिक्षणावर जातो, असा संस्थेचा हिशोब आहे आणि तो दरवर्षी छापला जातो. माझा मुलगा ज्या मैदानात खेळतो ते त्यातलंच. त्यामुळे पगार द्यायचा तर तो कुणाच्या तोंडचा काढायचा, हा प्रश्न खरा आहे.

संपाचं म्हणाल तर तेही झालंय. १९९९ मध्ये खेळाडूंची स्वतःची संघटना निघाली, जीपीए. कॉर्कच्या हर्लिंग खेळाडूंनी २००२ मध्ये संप केला. मागण्या वैद्यकीय सोयी, प्रवास, वागणूक अशा. पगाराची मागणी नव्हती. नंतर २००७ ते २००९ मध्ये तिथे आणखी दोनदा तसंच झालं, मुख्यतः मॅनेजर कुणी नेमायचा यावरून. २००७ च्या नोव्हेंबरात तर देशभरच्या ९५ टक्के सभासदांनी संपाच्या बाजूने कौल दिला. तेव्हा सरकारने ३५ लाख युरोंचं अनुदान कबूल केलं. पगार म्हणायचं नाही, अनुदान म्हणायचं.

त्यावरही केवढा गदारोळ! उत्तरेकडच्या काही जुन्या कार्यकर्त्यांनी 'ऑफ वन बिलीफ' नावाचा गट काढला. म्हणे ही पाचर आत गेली की लाकूड दुभंगणारच. मग मंदी आली आणि अनुदानाला कात्री लागली. पुढे ते वाढत वाढत पुरुषांसाठी तीस लाखांच्या आसपास गेलं. दोन हजारांहून जास्त खेळाडूंत वाटा, म्हणजे डोई वर्षाला सरासरी दीड हजार युरोही पडत नाहीत. इथे एवढ्यात धड एक महिन्याचं घरभाडं निघत नाही.

आणि जीपीए स्वतःच अधिकृतपणे म्हणते की आम्हाला पगार नकोय. २०२२ मध्ये मोठं भांडण झालं ते कशावरून? जीएए म्हणाली, आठवड्याला चारच सरावांचा प्रवासखर्च देऊ. खेळाडूंनी वार्ताहरांशी बोलणं बंद केलं. पेट्रोलवरून!

---

लालपेन:

एक शब्दावरून शंका. 'हौशी' हा शब्द इथे बसतो का? आपल्याकडे राज्य नाट्य स्पर्धेमुळे 'हौशी रंगभूमी' म्हणतात. दिवसा कचेरी, रात्री तालीम, बक्षिसाच्या पैशात नेपथ्याचं भाडंही निघत नाही. म्हणजे बसतो. पण इंग्रजांच्या खेळांतली जी हौस होती तिचा वास वेगळा होता. हाताने काम करणाऱ्या मजुराला स्पर्धेत घ्यायचंच नाही, असे नियम असत त्यांचे. हौस म्हणजे ज्याचं पोट भरलेलं आहे त्याची चैन.

---

शॅननकाठचा:

@लालपेन, अगदी नस पकडलीत. क्युसॅकचा राग नेमका त्यावरच होता. मजूर, कारागीर यांना दाराबाहेर ठेवणाऱ्या साहेबी मैदानी स्पर्धांना वैतागून त्याने ही चळवळ उभी केली. सामने रविवारी ठेवले, कारण मजुराला सुट्टी तेव्हाच. त्यामुळे शब्द एकच असला तरी इथली हौस मोकळ्या वेळेच्या चैनीतून आलेली नाही, गावकीच्या श्रमदानातून आली आहे. कुणी गवत कापतो, कुणी चहा करतो, कुणी काउंटीकडून खेळतो. खेळाडूलाच पगार दिला तर गवत कापणारा विचारणार, मग माझा?

(सोवळंही भरपूर होतं हं. 'परदेशी' खेळ खेळणाऱ्याला किंवा बघणाऱ्याला बाहेर काढायचा नियम १९७१ पर्यंत होता. १९३८ मध्ये देशाचे राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड सॉकरचा सामना बघायला गेले म्हणून जीएएने त्यांचं आश्रयदातेपद काढून घेतलं होतं.)

---

यारातीर:

मेलबर्नहून लिहिते. तुमच्या त्या बिनपगारी पोरांना आमच्याकडे पगार मिळतो, हे कुणी सांगितलं नाही म्हणून मध्ये बोलते. ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा चेंडू लांबट, पण उडी, झेल, लाथ गेलिकसारखी. त्यामुळे इथले क्लब आयर्लंडमधून अठरा-एकोणीस वर्षांची मुलं उचलतात. सुरुवात ऐंशीच्या दशकात झाली. डब्लिनचा जिम स्टाइन्स मेलबर्न क्लबकडे आला, १९९१ मध्ये ब्राउनलो पदक, म्हणजे इथलं सर्वोच्च वैयक्तिक पदक, मिळवलं आणि सलग २४४ सामने खेळला. २०१२ मध्ये कर्करोगाने गेला तेव्हा इथे सरकारी इतमामाने निरोप दिला होता.

पण मला आवडते ती टाइग केनेलीची गोष्ट. केरीचा. सिडनी स्वान्सकडून २००५ मध्ये विजेतेपद मिळवलं, व्यवस्थित पगार, नाव, सगळं. वडील केरीचे नामांकित खेळाडू, त्याच वर्षाच्या शेवटी अचानक गेले. २००९ मध्ये हा पगार सोडून घरी परतला, एक मोसम केरीकडून फुकट खेळला, ऑल-आयर्लंड, म्हणजे सगळ्या काउंट्यांतलं विजेतेपद, जिंकला आणि पुन्हा सिडनीला आला. माझ्या ऑफिसातल्या एकाला ही गोष्ट सांगितली तर तो म्हणाला, एजंट वेडा झाला असेल त्याचा.

टायरोनच्या कॉनर मॅकेनाचंही तसंच. इथून घरी गेला, २०२१ मध्ये ऑल-आयर्लंड जिंकला, परत आला आणि २०२४ मध्ये ब्रिस्बेनकडून इथलंही विजेतेपद. तेव्हा @सातबारा, या मुलांना पगार म्हणजे काय ते माहीत नाही अशातला भाग नाही.

---

सातबारा:

@यारातीर, हे दोघे तरी पगाराची पुंजी गाठीला बांधून फुकट खेळले. ज्याच्या गाठीला काहीच नाही त्याचं काय?

---

माजी_रेडर:

बऱ्याच वर्षांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठी. मी मुंबईत कबड्डी खेळलो, गिरणगावातली मंडळं आणि नंतर कंपनीच्या संघाकडून. कागदावर आम्हीही हौशीच. संघटनेच्या नावातच 'अ‍ॅमॅच्युअर' होतं. पण रेल्वे, बँका, पोलीस, मोठ्या कंपन्या खेळाडू म्हणून नोकरी द्यायच्या. हजेरीपुस्तकात कारकून, प्रत्यक्षात सकाळ-संध्याकाळ मैदानात. घर त्यावर चाललं, पोरांची शिक्षणं झाली. आयर्लंडमध्ये ही सोय दिसत नाही. तो गोदामवाला खरंच गोदामात काम करतो, हे वाचून मला जास्त वाईट वाटलं.

मग २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली. पवन सेहरावतला २०२३ च्या लिलावात तेलुगु टायटन्सने २ कोटी ६० लाखांना घेतला. मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. गुडघे आमचेही गेले, पैसे त्यांना तरी मिळाले. पण पोरगा उत्तरेतला, संघ तेलुगु, पुढच्या एखाद्या लिलावात तिसरीकडेच. आमच्या वेळी मंडळाचा सामना हरलो तर चाळीत चार दिवस मान वर करता यायची नाही. दूधवाला बोलायचा. आता हरला तर कोण बोलणार त्याला?

मी कुठल्या बाजूचा ते माझं मलाच ठरत नाहीये. दोन कोटी मिळाले असते तर दूधवाल्याचं ऐकलं नसतं म्हणा.

---

चहाटळ:

@माजी_रेडर, शेवटच्या ओळीला साष्टांग.

---

डब्लिनवाली:

सगळे 'पोरगा पोरगा' करताय म्हणून लिहिते. मी इथे नर्स आहे. आमच्या वॉर्डातली एक सहकारी कॅमोगी खेळते, म्हणजे बायकांचं हर्लिंग, काउंटीकडून. रात्रपाळी करून तिला मी सरावाला जाताना बघितलंय. तुमच्या गोदामवाल्याला निदान मैलाचे पैसे तरी होते. हिला बरीच वर्षं तेही धड नव्हते.

कारण बायकांच्या संस्थाच वेगळ्या. कॅमोगीची १९०४ पासून, बायकांच्या फुटबॉलची १९७४ पासून. जीएए त्यांची पालक नाही. मैदान मिळालं तर मिळालं. खेळाडूंच्या दोन संघटना, पुरुषांची जीपीए आणि बायकांची वेगळी, २०२० च्या शेवटी एक झाल्या आणि २०२१ मध्ये सरकारी अनुदान बायकांना पुरुषांच्या बरोबरीने मिळालं. तरी २०२३ मध्ये सगळ्या काउंट्यांच्या बायकांना निषेधाचे टी-शर्ट घालून मैदानात यावं लागलं. मागणी काय, तर डॉक्टर, फिजिओ, प्रवासखर्च याची लेखी हमी. पगाराचं नावही नाही. २०२५ पर्यंत तर कॅमोगीत स्कर्टासारखी स्कॉर्ट घालायचीच सक्ती होती. त्या वर्षी मे महिन्यात मतदान होऊन हाफ पँटची मुभा मिळाली. तिन्ही संस्था २०२७ पर्यंत एक करायच्या आहेत, माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस त्या कामाच्या प्रमुख आहेत.

त्यामुळे 'पगार द्यावा की नाही' ही चर्चा वाचताना माझ्या मनात येतं की पहिल्यांदा पेट्रोल समान द्या, मग बोलू.

---

सातबारा:

@डब्लिनवाली, हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

@शॅननकाठचा, तुमचा लेट्रिमचा मुद्दा मात्र मला पटलेला नाही. पगार नसतानाही डब्लिनने फुटबॉलचं ऑल-आयर्लंड २०१५ ते २०२० सलग सहा वेळा जिंकलंच की (आत्ताच शोधून बघितलं). तुमचं लिमरिकही हर्लिंगमध्ये २०२० ते २०२३ सलग चार. पैसा खेळाडूला देत नाहीत एवढंच, बाकी पैसा जिथे आहे तिथे विजय आहे. मग पवित्र काय राहिलं?

---

शॅननकाठचा:

@सातबारा, इथे मी थोडा अडचणीत आहे, कारण लिमरिकचा चाहता आहे. जेपी मॅकमॅनस नावाचे इथले अब्जाधीश आमच्या काउंटीच्या पाठीशी उभे आहेत. २०१८ मध्ये ४५ वर्षांनी लिमरिक जिंकलं तेव्हा त्यांनी प्रत्येक काउंटीला एक लाख युरो वाटले. २०२३ मध्ये प्रत्येकी दहा लाख, गावोगावच्या क्लबांसाठी. दिलदार माणूस. पण एका माणसाच्या दिलदारीवर जे टिकतं ते कितपत टिकतं, हा तुमचा प्रश्न असेल तर तो माझाही आहे. काउंटी संघांच्या तयारीचा एकूण खर्च आता वर्षाला चार कोटी युरोंच्या वर गेलाय. दर वर्षी सगळे म्हणतात की आवरायला हवा, आणि दर वर्षी वाढतो.

तरी फरक आहे, आणि तो समजायला शॉनी जॉन्स्टनची गोष्ट ऐका. २०१२. हा कॅव्हनचा चांगला फुटबॉलपटू. तिथल्या संघातून वगळला गेला आणि त्याला किल्डेअरकडून खेळायचं होतं. त्यासाठी किल्डेअरच्या क्लबाकडून स्पर्धेचा एक सामना खेळलेला हवा. फुटबॉलचा सामना वेळेत नव्हता, म्हणून हा गडी हर्लिंगच्या सामन्यात अगदी थोडा वेळ उतरला. हर्लिंगशी त्याचा संबंध तेवढाच! अट पूर्ण. मग किल्डेअरकडून पहिला सामना कुणाविरुद्ध? कॅव्हनविरुद्ध. देशभर महिनोन्महिने तेवढाच विषय. एका माणसाने दुसऱ्या काउंटीत जायचं तर हा तमाशा. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये अशा बदल्या दर जानेवारीत शेकड्याने होतात, कुणी मान वर करत नाही. (नंतर तो कॅव्हनला परतला, आणि त्यांनी घेतला.)

लेट्रिमने कॉनॉट प्रांताची स्पर्धा आजवर दोनदा जिंकली आहे, १९२७ आणि १९९४. मध्ये ६७ वर्षं. दरवर्षी हरतात आणि पुढच्या वर्षी तीच आडनावं पुन्हा उतरतात. पगारी लीगमध्ये असा संघ केव्हाच बंद पडला असता, किंवा विकला गेला असता. हे पवित्र आहे की नाही माहीत नाही, पण दुसरीकडे कुठे बघितलेलं नाही.

---

मालवणी_मसालो:

वाचतंय सगळा. एक इचारू काय, आमचो वराडचो लिओ या भानगडीत खंय बसता?

---

शॅननकाठचा:

@मालवणी_मसालो, बसतो ना! लिओ वराडकर पंतप्रधान व्हायच्या आधी, २०११ ते २०१४, इथे वाहतूक, पर्यटन आणि क्रीडा मंत्री होते. म्हणजे मंदीतल्या त्या हडकुळ्या अनुदानाचं खातं काही काळ मालवण तालुक्याच्या लेकाकडेच होतं. २०१९ च्या डिसेंबरात वराडला आले होते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

---

मालवणी_मसालो:

म्हायती काय, मी स्वता गर्दीत उभो होतंय. आता पुढच्या वेळी येतलो तेव्हा पेट्रोलाचा इचारतंय.

---

माजी_रेडर:

@शॅननकाठचा, एक सांगा. तो गोदामवाला पोरगा. त्याला कुणी उद्या ऑस्ट्रेलियाचं तिकीट दिलं तर जाईल का तो?

---

शॅननकाठचा:

@माजी_रेडर, शनिवारी विचारलं. म्हणाला, एकोणिसाव्या वर्षी एकदा विचारणा झाली होती, तेव्हा गेला नाही. आता गुडघ्याची शस्त्रक्रिया झालीय, पुन्हा कुणी विचारणार नाही. पश्चात्ताप होतो का म्हटलं, तर म्हणाला काही मंगळवारी होतो, जेव्हा पाऊस असतो आणि सराव साडेसातला असतो. मग मुलांना हाका मारायला गेला.

शस्त्रक्रियेचा खर्च खेळाडूंच्या दुखापत निधीतून झाला, मी मुद्दाम विचारलं. गोदामातल्या बुडालेल्या पगाराचं विचारायचं मात्र राहून गेलं. पुढच्या शनिवारी विचारतो.